तीस मण गूळ आणि बाळंतिणीची खोली

गुरुवार, तारीख १५ फेब्रुवारी १९५१. रक्कम रुपये एक हजार चारशे चाळीस, पैकी दोनशे रुपये इसार म्हणून त्याच दिवशी रोख दिले. हजर मंडळी: मी स्वतः, माझे थोरले बंधू अण्णा, कोंडीबा मिस्त्री आणि माजघराच्या दारात उभी असलेली माझी पत्नी. काम: शुक्रवार पेठेतल्या आमच्या राहत्या घरावर माडी चढवणे. एवढे माझ्या वहीत त्या दिवशीच्या पानावर लिहिलेले आहे. वहीत जे लिहिलेले नाही ते असे, की मूळ आकडा सोळाशे पाच होता आणि त्यातले एकशे पासष्ट रुपये मी स्वतःच्या हाताने खोडले.

ती दोन कलमे होती. पहिले, भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत आरपार जाणारे लांब दगड. दुसरे, भिंतीच्या डोक्यावरून घरभर फिरणारी आणि चारही कोपऱ्यांत एकमेकींत गुंतवलेली सागवानी पट्टी. कोंडीबा अडाणी होता. तो तोंडाने सांगत होता आणि मी लिहून घेत होतो. या दोन कलमांशी आल्यावर तो म्हणाला, "साहेब, घाटलं तर बरं हाय. न्हाय घाटलं तर घर काय लगीच पडत न्हाय." मी विचारले, "कोल्हापुरात धरणीकंपानं पडलेलं घर तू पाहिलंस का कधी?" तो म्हणाला, "न्हाय बा." "तुझ्या वडिलांनी?" "त्यांनी बी न्हाय बघिटलं." मी दोन्ही कलमांवर रेघ मारली. एका सरकारी कचेरीत हिशेब तपासण्यात माझी बावीस वर्षे गेली होती. ज्या खर्चाचे कारण दाखवता येत नाही तो खर्च मंजूर करायचा नाही, ही सवय हाडात मुरली होती.

पण ती रेघ मारताना माझा हात स्वच्छ नव्हता, हे इथे कबूल केले पाहिजे. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आसामात फार मोठा भूकंप झाला होता. वर्तमानपत्रांतून रोज बातम्या येत होत्या. डोंगर खचले, नद्यांनी वाट बदलली, गावे गेली. ते वाचून माझ्या मनात जी भीती बसली ती काही केल्या निघेना. मी दत्तमहाराजांचा भक्त. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाण्याचा आमच्या घराण्याचा नेम, तोही मी पाळत होतो. पण पादुकांपुढे उभा राहिलो की मनात एकच प्रश्न यायचा. देव सांभाळतो म्हणतात, तर आसामातल्या त्या माणसांनी कुणाला हाक मारली नसेल का? हा प्रश्न मी कुणाजवळ बोललो नाही. भीती आहे हे कबूल केले तर खर्च मंजूर करावा लागेल, आणि नाही म्हटले तर श्रद्धा शाबूत राहील, असा काहीसा माझा आतला हिशेब होता. म्हणून ती रेघ.

त्या वेळी माझी मुलगी कुसुम बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिलटकरीण. दिवस भरत आले होते. तिच्यासाठी माजघरामागची आतली खोली तयार ठेवली होती. आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू नये, कुणाची नजर पडू नये म्हणून घरातली सर्वांत बंदिस्त खोली देतात. या खोलीला एकच दार होते आणि खिडकी म्हणाल तर वीतभर झरोका. खोलीवर माळा होता. आणि माळ्यावर अण्णांचा गूळ.

गुळाचे सांगितले पाहिजे. अण्णा गूळबाजारात एका अडत दुकानी दिवाणजी होते. दरवर्षी हंगामात भाव पडलेले असताना ते स्वतःच्या पैशांनी थोडा गूळ घेऊन ठेवत आणि पाडव्याच्या पुढे भाव चढला की विकत. गूळ जमिनीवर ठेवला की ओल धरतो, मुंग्या लागतात, म्हणून तो कोरड्या माळ्यावर. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत असेच होते. त्या वर्षी माळ्यावर चाळीस रवे होते. गुळाची ती मोठी ढेप, तिला रवा म्हणतात, भरते साधारण तीस शेर. चाळीस त्रिक एकशे वीस, वर एक शून्य. बाराशे शेर म्हणजे तीस मण. हा गुणाकार मला येत नव्हता असे नाही. तो करावा असे त्या दिवसापर्यंत कधी सुचलेच नव्हते.

बुधवारी, एकवीस तारखेला माघी पौर्णिमा होती. मी रजा टाकून वाडीला गेलो. दुपारची महापूजा झाली, प्रसाद झाला, आणि गर्दी टाळून मी संगमाकडच्या घाटाच्या पायरीवर बसलो. शेजारी एक साठीचा गृहस्थ बसला होता. डोक्याला पटका, अंगात जुना खाकी कोट, पण बसणे ताठ. तो पायरीचा दगड बोटाच्या पेराने ठोकून पाहत होता. एक ठोकला, पुढचा ठोकला, मान हलवली. मला नवल वाटले. काय पाहता, असे विचारले तर म्हणाला, "काय न्हाय पावणं, सवय. चांगला बसवलाय घाट. एक दगूड बी पोकळ बोलत न्हाय."

तो सफरमैना पलटणीत हवालदार होता. रस्ते, पूल, बराकी बांधणारी पलटण. मुरगूडच्या पलीकडच्या एका खेड्यात त्याची शेती होती. बोलता बोलता त्याने सांगितले, की पस्तीस साली क्वेट्ट्याला भूकंप झाला तेव्हा तो तिथे छावणीत होता आणि पुढचे कित्येक दिवस त्याने ढिगाऱ्यांतून माणसे उपसली.  गेले सहा महिने जे कुणाला विचारायचे होते ते विचारायला माणूस शेजारीच येऊन बसला होता. मी विचारले, घरे पडली ती कशी पडली?

त्याने दोन तळहात समोरासमोर धरून दाखवले. म्हणाला, "भुईनं माणसं मारली न्हाईत, साहेब. भितींनी मारली. दगडाच्या भितीला दोन अंगं असत्यात. मधी नुसती माती आन चिपा. धक्का बसला की आतलं अंग आत आन भाईरलं भाईर. आन तुळया नुसत्या टेकल्याल्या. भिंत सरली की तुळई सुटली, माळवद खाली. रेलवेनं आधी बांधल्याली काही घरं जशीच्या तशी हुबी व्हती. का? तर बांधूनच घट्ट आवळल्याली." मग त्याने माझ्या घराची चौकशी केली. भिंत कसली, माळा कुठे, माळ्यावर काय, खाली कोण निजते. मी एकेक सांगत गेलो तसा त्याचा चेहरा बदलत गेला. गुळाचे ऐकून त्याने विचारले, "किती मण?" मी तिथे घाटावर पहिल्यांदा तो गुणाकार केला आणि आकडा सांगितला.

मी म्हणालो, "आम्ही सगळा भार दत्तमहाराजांवर टाकलाय."

"टाका की," तो म्हणाला. "पर तीस मण गूळ लेकीवर टाकू नगासा."

मग त्याने बजावले. घरी गेल्यावर भिंत ठोकून बघा. घट्ट बोलते का पोकळ, ते कानालाच कळेल. आधी माळ्यावरचे वजन खाली आणा. पितळेचे हंडे फळीवरून उतरवा. बाज भिंतीला चिकटून ठेवू नका. दाराला आतून अडसर घालून कुलूप लावत असाल तर किल्ली दारालाच ठेवा. जमीन हलली तर कुणी कुणाला उचलायचे हे आधी ठरवून टाका, कारण त्या वेळी कुणी कुणाचे ऐकत नाही. माडीचे नंतर बघा. मी त्याचा पत्ता वहीत लिहून घेतला, माझा त्याला दिला, आणि परतीच्या मोटारीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खोलीची भिंत ठोकली. उत्तरेची भिंत घट्ट बोलली. पश्चिमेची, म्हणजे परसाकडची, खालून कमरेपर्यंत घट्ट आणि त्याच्या वर रिकाम्या डब्यासारखी वाजली. पुन्हा ठोकली. अण्णा दात घासत दारात आले. "काय रं, भिंतीत धन पुरलंय व्हय आपल्या आजोबांनी?" मी त्यांना सगळे सांगितले आणि गूळ आज खाली उतरवू या, असे म्हटले. अण्णांनी चूळ भरली. "वाडीला जाऊन लोक बासुंदी खाऊन येतात, तू भूकंप घेऊन आलास. आणखी दीड महिन्यात मणामागं दोन रुपये सुटतायत. आत्ता खाली ठेवून मुंग्यांस्नी घालू?" त्यांचेही चूक नव्हते. त्यांच्या दोन मुलींची लग्ने याच गुळावर झाली होती.

दोन दिवस घरात बोलणे नव्हते. शेवटी तोड निघाली. वीस रवे रस्त्याकडच्या सोप्यात फळ्या टाकून त्यांवर ठेवायचे, वीस माळ्यावर राहू द्यायचे. मी कबूल झालो. इतकेच नव्हे, मला बरे वाटले. वजन निम्मे झाले म्हणजे धोका निम्मा झाला, असे मी मनाशी मांडले. आयुष्यात मी पुष्कळांच्या बेरजा तपासल्या, पण इतका खोटा हिशेब दुसऱ्या कुणाचा माझ्या हाती आला नाही. वजन निम्मे होते, निजणारी माणसे तीच होती.

रविवारी, पंचवीस तारखेला कुसुम बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. आणि ठरल्याप्रमाणे त्या दोघी त्याच खोलीत निजू लागल्या.

त्यानंतरचे आठ दिवस माझे कसे गेले ते मीच जाणतो. रोज सकाळी गंगाबाई सुईण येई, आई-लेकरांना न्हाऊ घाली, शेक देई, ओव्याची धुरी करी आणि साडेदहाच्या सुमारास दोघींना बाजेवर निजवून दार ओढून घेई. ती घरी गेली की मी परसातून भिंतीला कान लावी. मी पत्नीला एकदा म्हणालो, कुसुमला सोप्यात आणू या. ती म्हणाली, "अहो, कच्ची बाळंतीण आहे. सोप्यात रस्त्यावरचं वारं. उद्या तिला काही झालं तर तिच्या सासरी मी काय तोंड दाखवू?" गंगाबाईने तर ऐकताच कपाळाला हात लावला. "बाळंतीन सोप्यात? ही काय धरमशाळा हाय? चाळीस वर्सं बाळतपनं करत्येय, भिंत हालतीया म्हनून बाज हालवल्याली न्हाय ऐकली!" बायकांच्या राज्यात माझ्या आकड्यांना किंमत नव्हती, आणि घाटावर भेटलेल्या कुणा हवालदाराच्या नावाने हट्ट धरण्याचे धैर्य मला झाले नाही. मी देवघरात बसून म्हणे, महाराज, मला बोलता येत नाही, तुम्ही कुणाकडून तरी बोला. असे मी रोज म्हणत होतो. त्यात श्रद्धा किती आणि भित्रेपणा किती, हे मला आजही ठरवता येत नाही.

सोमवारी, पाच मार्चला सकाळी नऊच्या सुमारास दारात हाक आली. "पावणं, भिंत वाजवली का?"

खाकी कोट, पटका, हातात कापडी पिशवी. हवालदार. त्याला पेन्शन कागलात मिळे. पण त्या महिन्यात कागदावर एक सही राहिली म्हणून त्याला कोल्हापूरच्या कचेरीत यायला सांगितले होते. कचेरी अकराला उघडणार, तोवर वेळ होता, म्हणून तो पेठेत विचारत विचारत आला. यात अलौकिक काही नाही. सही राहू शकते. मी इतकेच लिहितो, की इतक्या वर्षांत त्याची सही दुसऱ्या कुठल्या महिन्यात राहिली नव्हती, असे त्यानेच मला सांगितले.

परपुरुष म्हणून तो बाळंतिणीच्या खोलीत गेला नाही. परसातून भिंत ठोकली. मग कंदील मागून माजघरातल्या शिडीवर चार पायऱ्या चढला आणि माळ्याखालची तुळई पाहू लागला. बराच वेळ पाहिली. उतरला तेव्हा माझ्याशी नव्हे, थेट माझ्या पत्नीशी बोलला. "ताई, वाईच वर चढून बघा. तुळईच्या टोकाला बघा." ती संकोचली, पण चढली. धुराने वर्षानुवर्षे काळीभोर झालेली ती तुळई. पण भिंतीला लागून चार बोटे लाकूड कोरे होते, नुकते तासल्यासारखे पिवळट. मी ते आठ दिवस रोज पाहत होतो. मला वाटले होते, तिथे धूर पोचत नसेल.

"ती चार बोटं कोरी हायत न्हवं?" हवालदार खालून म्हणाला. "तेवढी तुळई भितीत व्हती. आता भाईर आलीया. आनि किती आत ऱ्हायलीया ते मला ठावं न्हाय, तुमास्नी न्हाय. भिंत पोटातनं फुगून सरकतीया. वर कुनी चढू नगा आता. मिस्त्रीला बोलवून टेकू द्या, मगच गूळ उतरवा. आन लेकीला आत्ता काढा. मी हितं हाय तवर काढा."

पत्नी शिडीवरून उतरली. आत गेली, बाळाला उचलले, कुसुमला हाताला धरले. गंगाबाई शेगडी फुंकत होती, ती ओरडलीच. पत्नी तिला म्हणाली, "यांचं मी ऐकलं नसतं, गंगाबाई. यांना हिशेबाशिवाय काही दिसत नाही. पण हा माणूस वाडीला, महाराजांच्या दारात भेटलेला. त्याला मी नाही म्हणणार नाही." अण्णांनी गुळाचे रवे सरकवून सोप्याचा कोपरा मोकळा केला, लुगड्यांचे पडदे बांधले, दुसरी बाज टाकली. दार उघडते राहील अशी, भिंतीपासून दोन हात लांब. शेगडीही तिथेच आली. जमीन हलली तर कुणी कुणाला उचलायचे, तेही तेव्हाच ठरवले. गंगाबाई पिशवी उचलून निघाली. "वारं लागलं म्हंजी मला बोलवू नगा," एवढे बोलून गेली. हवालदार चहा घेऊन कचेरीकडे गेला. कोंडीबाला निरोप धाडला. तो उद्या दुपारी टेकूचे वासे घेऊन येतो म्हणाला.

उद्या म्हणजे मंगळवार, सहा मार्च. कोंडीबा येणार म्हणून मी घरीच थांबलो होतो. गंगाबाई रागावून का होईना पण आली होती, न्हाणे उरकून भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा मिनिटे कमी होती. माझ्यापुढच्या घंगाळातल्या पाण्यावर बारीक चुण्या उठल्या. मला आधी वाटले, रस्त्यावरून मालाची लॉरी चालली. मग कौले खडखडली आणि देवघरातल्या लामणदिव्याची साखळी झुलू लागली. मी ओरडलो की नाही, आठवत नाही. ठरल्याप्रमाणे पत्नीने बाळ घेतले, अण्णांनी कुसुमला उचलले, मी गंगाबाईच्या दंडाला धरून ओढले. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आधीच दारात होत्या. सोप्याचे दार उघडेच होते. आम्ही रस्त्यात आलो तोवर सगळे शांत झाले होते. समोरचा शिंपी यंत्रावरून मान वर करून आमच्याकडे बघत होता. त्याला काही कळलेच नव्हते.

मी माणसे मोजली. सहा आणि बाळ सातवे. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजत असताना घरातून आवाज आला. आधी वाळू सांडावी तसा, बराच वेळ. मग काही नाही. आणि मग असा धबाका झाला, की दारातून मातीचा लोट रस्त्यावर आला.

धूळ बसल्यावर अण्णा आणि मी आत गेलो. पश्चिमेच्या भिंतीचे आतले अंग कमरेपासून वर पूर्ण कोसळले होते. बाहेरचे जागच्या जागी उभे होते, म्हणून परसातून पाहणाऱ्याला काही दिसले नसते. तुळईचे टोक सुटून खाली आले होते. माळा उतरता झाला होता आणि वीसच्या वीस रवे त्या उतारावरून बाजेवर आले होते. बाजेचे चारही पाय मोडले होते. कुसुमची उशी एका रव्याखाली होती, बाळाचे लंगोट दगडांखाली. पंधरा मण गूळ, आणि दगड किती ते मी मोजले नाहीत. अण्णा खाली बसले. फुटलेल्या रव्याचा एक तुकडा त्यांनी हातात घेतला, त्यावरची माती झटकली आणि लहान मुलासारखे रडू लागले. "दर गेला खड्ड्यात," एवढेच ते म्हणाले.

तो भूकंपाचा हलका धक्का होता, की कुठल्या खाणीत मोठा सुरुंग उडाला, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. गल्लीतल्या निम्म्या लोकांना काही जाणवले, निम्म्यांना नाही. वर्तमानपत्रात एक ओळही आली नाही. चांगल्या बांधलेल्या घरांचे कौलही सरकले नाही. आमच्या भिंतीला तेवढा पुरला. जो हेलकावा शिंप्याला कळला नाही तो आमच्या दोन जिवांना पुरेसा झाला असता, ही गोष्ट माझ्या मनातून आजही जात नाही.

त्यानंतर मी माडीचा करार मोडला. कोंडीबाला बोलावले आणि त्याच्यासमोर ती दोन खोडलेली कलमे पुन्हा नव्याने लिहिली. पश्चिमेची भिंत पायापर्यंत उतरवून नव्याने बांधली. दर हातावर एक आरपार दगड. भिंतींच्या डोक्यावर सागवानी पट्टी सगळ्या घरभर फिरवली, कोपऱ्यांत लोखंडी पट्ट्यांनी जखडली, तुळया तिला पक्क्या बांधल्या. आतल्या खोलीला मोठी खिडकी काढली. माळा काढून टाकला. अण्णांनी उरलेला गूळ त्याच आठवड्यात, आहे त्या भावाने विकला आणि पुढे कधी साठवला नाही. नुकसान किती झाले, ते त्यांनी मला सांगितले नाही. मीही विचारले नाही. माझ्या स्वभावाला हे फार जड गेले, पण विचारले नाही.

हवालदाराला मी पत्र लिहिले आणि एक्कावन्न रुपयांची मनिऑर्डर पाठवली. बारा दिवसांनी ती परत आली, 'घेणार नाही' असा शेरा मारून. पाठोपाठ कुणाकडून तरी लिहून घेतलेले कार्ड आले. त्यात बाळाला आशीर्वाद होता आणि एवढेच होते, की मी पैसे घेत नाही, तुमच्या गल्लीतली घरे वाजवून बघा.

मी दर रविवारी सकाळी गल्लीतली घरे वाजवू लागलो. लोक हसले. काहींनी दार लावले. नऊ घरांत ठोकू दिले, चार घरांत माळ्यावरचा गूळ खाली आला. आसामातल्या माणसांविषयीचा माझा प्रश्न अजून तसाच आहे. त्याचे उत्तर मला मिळाले नाही आणि आता मी ते पादुकांपुढे मागतही नाही. पूर्वी मला वाटे, शरण जाणे म्हणजे आपला भार देवावर टाकून मोकळे होणे. त्या आठ दिवसांनी मला दाखवले, की मी भार टाकला नव्हता, फक्त त्याच्याकडे पाहणे टाळले होते. महाराजांनी मला सांगायचे ते घाटावरच सांगितले होते. मी ते ऐकले, लिहूनही घेतले, आणि निम्मेच केले. उरलेले निम्मे करून घेण्यासाठी त्यांना म्हाताऱ्या माणसाला माझ्या दारी पाठवावे लागले. शरण गेलेल्या माणसाने, त्याला जे सांगितले गेले ते पुरते करायचे असते, मग ते बायकोला पटो, भावाला परवडो, वा स्वतःच्या वहीत बसो न बसो. एवढे कळायला मला सत्तेचाळीस वर्षे लागली.

दहावे घर गंगाबाईचे होते. तिने मला उंबऱ्यावर अडवले. "आता माझी भिंत ठोकतायसा व्हय? माझ्याकडं काय गूळ न्हाय, फुटकं गाडगं न्हाय." मी म्हणालो, बाई, तुझ्या घरात नातू निजतो. ती बाजूला झाली. तिची भिंत आमच्या भिंतीपेक्षा वाईट बोलली. मिस्त्रीचे पैसे आम्ही देतो म्हटल्यावर ती उसळली, "मी बाळतपनाचं घेतलंय, आनि काय घेनार न्हाय." तेव्हा माझी पत्नी तिला म्हणाली, "हे आमचे नाहीत गं. आमच्या पाहुण्यानं परत पाठवलेत." गंगाबाईने पदराने डोळे पुसून मिस्त्रीला आत बोलावले.

एकूण दिले ते असे. कोंडीबा मिस्त्री यास आमच्या घराच्या कामाबद्दल, इसाराचे दोनशे धरून, रुपये सातशे पंच्याऐंशी. आणि त्यालाच, गंगाबाई सुईण हिच्या भिंतीत आरपार दगड बसवण्याबद्दल, रुपये एक्कावन्न, रोख. दगड अकरा बसले.